ब्रूटसच्या खिडकींतील पत्र

शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकाचें नांव निघालें, कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत दोनच गोष्टींची आठवण होते. पहिली, अंगावर घाव पडत असतां सीझरनें ब्रूटसकडे पाहून उच्चारलेले ते तीन लॅटिन शब्द. आणि दुसरी, सीझरच्या शवापाशीं उभें राहून अँटनीनें केलेलें भाषण. यांपैकीं पहिली गोष्ट इतिहासाच्या कसोटीस नीटशी उतरत नाहीं. सीझरचा चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो कीं, २३ घाव सोसतांना सीझर पहिल्या घावाला काय तो कण्हला. शब्द असा बोललाच नाहीं. त्यानें ब्रूटसला ग्रीक भाषेंत कांहीं म्हटलें असें सांगणारे लोक होते, एवढीच पुस्ती तो जोडतो. दुसरी गोष्ट तें भाषण. तें शाळांतून पाठ करून घेतात, संमेलनांत म्हणून दाखवितात, आणि त्याच्या टाळ्यांच्या गजरांत बाकीचें नाटक बुडून जातें. हे दोन्ही प्रसंग तिसऱ्या अंकांतले. आम्हांला मात्र या नाटकाचें मर्म त्याच्या अगोदर, दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशांत, रात्रीच्या वेळीं एका बागेंत सांपडतें. तेथें रक्त नाहीं, गर्दी नाहीं, वक्तृत्वही नाहीं. एक जागा गृहस्थ, एक झोपाळू पोर आणि एक कागद, एवढेंच काय तें तेथें आहे.

ब्रूटसला झोप येत नाहीं. लूशिअस नांवाच्या आपल्या पोऱ्याला तो हांका मारतो, अभ्यासिकेंत दिवा लावण्यास सांगतो, आणि पोरगा गेल्यावर एकटाच विचार करूं लागतो. हें स्वगत वाचकांनीं मुळांतून एकदां अवश्य पाहावें. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत आधीं प्रमेय, मग प्रमाणें आणि शेवटीं सिद्धान्त असा क्रम असतो. ब्रूटसच्या स्वगतांत सिद्धान्त पहिल्याच ओळींत येऊन बसला आहे. सीझरच्या मरणावांचून गत्यंतर नाहीं, हें आधींच ठरलें. कारणांचा शोध त्यानंतर सुरू होतो. आणि ब्रूटस प्रामाणिक असल्यामुळें तो शोध त्याला फारच जड जातो. सीझरशीं आपलें वैयक्तिक वैर नाहीं, हें तो कबूल करतो. सीझरचे विकार त्याच्या विवेकावर कधीं स्वार झाल्याचें आपण पाहिलें नाहीं, हेंही तो कबूल करतो. मग उरतें काय? उद्यां त्याला मुकुट मिळाला तर तो पालटेल. निदान पालटण्याचा संभव आहे. आज तो जो आहे त्यावरून खटला उभा राहत नाहीं, म्हणून उद्यां तो जो होईल त्यावरून तो उभा करावा, असा हा युक्तिवाद आहे. सापाचें पिलूं अंड्यांत असतांनाच ठेंचावें, या उपमेवर तो संपतो. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं हाच ब्रूटस रोमचा प्रीटर होता, म्हणजे नागरिकांच्या दाव्यांचा निवाडा पाहणारा अधिकारी होता. त्याच्यापुढें कोणा वकिलानें असला पुरावा आणला असता, तर त्यानें तो क्षणभरही ऐकून घेतला नसता.

या माणसाची अडचणही मोठी होती, हें आपण विसरतां कामा नये. ख्रिस्तपूर्व ५०९ सालीं टार्क्विन राजाला हांकून देऊन रोममध्यें लोकसत्ता स्थापन करणारा जो लूशिअस ज्यूनिअस ब्रूटस, त्याचा हा वंशज म्हणवीत असे. त्याची पत्नी पोर्शिया ही कॅटोची कन्या, आणि कॅटोनें तर सीझरच्या राज्यांत जगण्यापेक्षां स्वहस्तें मरण पत्करलें होतें. उलट बाजूला सीझरचे उपकार. ४८ सालच्या फार्सेलसच्या लढाईंत ब्रूटस सीझरच्या शत्रूकडून उभा राहिला होता. सीझरनें त्याला क्षमा केली, जवळ घेतलें, अधिकारपदें दिलीं. पूर्वजांचा पुतळा एका खांद्यावर आणि जिवंत मित्राचा हात दुसऱ्या खांद्यावर, अशा स्थितींत जो उभा आहे, त्याला झोप न आली तर नवल काय?

इतक्यांत लूशिअस परत येतो. दिवा लावल्याचें सांगून तो एक कागद धन्यापुढें करतो. खिडकींत चकमकीची गार शोधतांना हा मोहोरबंद कागद सांपडला. आपण निजावयास गेलों त्या वेळीं तो तेथें नव्हता, अशी आपली खात्री आहे, असें तो सांगतो. पोराचें बोलणें साधें, पण केवढें महत्त्वाचें! म्हणजे रात्रींतून कोणी तरी या घराच्या खिडकीपर्यंत येऊन गेलें आहे. यावर ब्रूटसचें उत्तर काय? अजून उजाडलें नाहीं, तूं जाऊन नीज. आणि हो, उद्यां मार्चची पंधरावी तारीख ना? पंचांग पाहून सांग. आमच्या घरीं हा प्रवेश मोठ्यानें वाचला जात असतां आमच्या धाकट्या कन्येनें येथेंच अडवून विचारलें, “पण बाबा, पत्र कोणीं टाकलें हें त्यानें त्या मुलाला विचारलें कां नाहीं?” या प्रश्नाचें उत्तर टीकाग्रंथांत शोधण्याचें कारण नाहीं, तें मागच्याच स्वगतांत आहे. निकाल लिहून झाल्यावर नवा कागद कोठून आला, याची चौकशी कोणता न्यायाधीश करतो?

आतां तो कागद पाहूं. आकाशांत उल्का सळसळत आहेत आणि त्यांच्या उजेडांत ब्रूटस तो वाचतो. अभ्यासिकेंत दिवा लावविला तो ज्यासाठीं, त्याच कामाच्या वेळीं तो दिव्यापर्यंत जात नाहीं, ही गोष्ट आम्हांला पुनः पुनः वाचल्यावर जाणवली. पत्र तोकडें आहे. ब्रूटस झोपला आहे, त्यानें जागें होऊन स्वतःकडे पाहावें, असा त्याचा आशय. मग रोमचें नांव घेऊन एक वाक्य सुरू होतें आणि तेथेंच तुटतें. पुढें जागा कोरी. ती कोरी जागा ब्रूटस स्वतः भरून काढतो, आणि कशी भरावी हें मोठ्यानें बोलून दाखवितो! एका माणसाच्या धाकाखालीं रोमनें राहावें काय, असा अर्थ तो तेथें घालतो. मग आपला पूर्वज, टार्क्विन, मुकुट, सर्व ओघानें येतात. पत्रांत यांतील कांहींच नाहीं. तें सर्व वाचणाराच्या पदरचें आहे. आणि शेवटीं तो रोमला वचन देतो, जणूं कांहीं रोमनेंच त्याच्याकडे अर्ज केला आहे.

हें पत्र कॅशिअसचें आहे, हें प्रेक्षकांना पहिल्या अंकापासून ठाऊक असतें. निरनिराळ्या हस्ताक्षरांत, निरनिराळ्या नागरिकांकडून आलीं असें भासावें, अशीं पत्रें ब्रूटसच्या खिडकींत टाकण्याचा बेत तो स्वतःच बोलून दाखवितो. पुढें तो सिन्नाच्या हातीं कागद देतो, एक प्रीटरच्या आसनावर ठेव, एक खिडकींतून टाक, एक जुन्या ब्रूटसच्या पुतळ्याला मेणानें चिकटव, अशी वाटणी करून देतो. शेक्सपिअरला ही कथा मिळाली ती प्लुटार्कच्या चरित्रांतून. टॉमस नॉर्थनें केलेलें त्यांचें इंग्रजी भाषांतर १५७९ सालीं प्रसिद्ध झालें होतें. परंतु प्लुटार्कच्या ग्रंथांत या चिठ्ठ्या खुद्द रोमच्या लोकांनींच लिहिलेल्या आहेत. तेथें ब्रूटसला लोकांची हांक खरोखरच ऐकूं आली. शेक्सपिअरनें ती हांक खोटी ठरविली, आणि लूशिअस हा पोऱ्याही त्यानेंच नवा निर्माण केला. या दोन फेरफारांनीं नाटकाचा सारा तोल बदलला. मूळ कथेंत लोकेच्छा आणि मित्रप्रेम यांचा झगडा आहे. नाटकांत एक बाजू मुळीं अस्तित्वांतच नाहीं. तिच्या जागीं एक कोरी जागा आहे, आणि ती भरण्यासाठीं नायकाचा स्वतःचा सद्गुण राबत आहे.

कारस्थानी पत्र म्हटलें, कीं मराठी वाचकाला १७७३ सालचा शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाहीं. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या संबंधांत ‘ध’चा ‘मा’ केल्याची जी दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतों, तींत निदान एक अक्षर तरी बदलावें लागलें. कॅशिअसला तेवढेही कष्ट नाहींत. ज्याला फसवावयाचें, त्याच्याच हातीं त्यानें लेखणी दिली.

कॅशिअसला ब्रूटस हवा होता तो कशासाठीं? तरवार धरण्यासाठीं खचित नव्हे. तरवारी पुष्कळ होत्या. कास्का हा कटवाल्यांपैकीं एक तिरसट मनुष्य. पण या प्रश्नाचें उत्तर त्याच्या तोंडून फार मार्मिक आलें आहे. ब्रूटसला सर्व लोकांच्या अंतःकरणांत स्थान आहे, आणि आपण केलें असतां जो अपराध दिसेल, तोच त्याच्या नुसत्या मुद्रेनें, किमयेनें व्हावें त्याप्रमाणें, सद्गुण होऊन जाईल, असें तो म्हणतो. कटाला हवी होती ती ही किमया. आमच्या पाहण्यांतली एक लहानशी गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. गांवाचें व संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील वाचनालयाचे अध्यक्ष जुने, कर्ते, पण उतारवयांत कांहींसे एकतंत्री झालेले. त्यांना दूर करावें असें चारपांच मंडळींनीं मनांत आणलें. त्या मंडळींचा गांवांत कोणाला फारसा भरंवसा वाटत नसे. तेव्हां ते एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. “गुरुजी, सारा गांव आपल्याकडे पाहत आहे,” असें ते म्हणाले. गांव कोणाकडेच पाहत नव्हता. अर्जावर पहिली सही गुरुजींची हवी, एवढेंच त्यांचें मागणें. अध्यक्ष हे गुरुजींचे बाळमित्र. त्यांनीं दोन दिवस विचार केला आणि सही केली. अध्यक्ष गेले. वर्षाच्या आंत वाचनालयाची मागली खोली नव्या चालकांपैकीं एकाच्या मेहुण्याला दुकानासाठीं मिळाली. आम्हीं गुरुजींपाशीं गोष्ट काढली, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “माझी सही संस्थेच्या हितासाठीं होती. पुढें जें झालें त्याच्याशीं माझा कांहीं संबंध नाहीं.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यावर काय बोलावें, हें आम्हांला त्या वेळीं सुचलें नाहीं, आणि आजही नीटसें सुचत नाहीं. ‘ज्यूलिअस सीझर’ पुनः पुनः वाचावेंसें वाटतें, याचें हेंही एक कारण आहे.

पत्र वाचून होतें न होतें तोंच दार वाजतें. टोप्या कानांवर ओढलेल्या, अर्धीं तोंडें झग्यांत लपविलेलीं, अशी मंडळी आंत येतात. कट हा रात्रींसुद्धां तोंड दाखविण्यास लाजतो, मग दिवसा त्याला लपवावयाचें कोठें, असा प्रश्न ब्रूटस मनाशीं करतो, आणि हसऱ्या चेहऱ्याआड, असें उत्तर देतो. म्हणजे या माणसाला सर्व दिसत आहे. ब्रूटस व कॅशिअस एका बाजूला कुजबुजत असतांना बाकीचे तिघे पूर्व दिशा कोणती यावर वाद घालतात, आणि कास्का तरवारीच्या टोंकानें सूर्य उगवण्याची जागा दाखवितो. जगाची व्यवस्था बदलावयास निघालेल्या मंडळींचें सूर्य कोठें उगवतो यावर एकमत नाहीं. नाटककारानें हा विनोद किती हलक्या हातानें केला आहे!

यानंतर ब्रूटसच्या हातीं कटाचीं सूत्रें येतात आणि तो एकामागून एक निर्णय देत जातो. कॅशिअस म्हणतो शपथ घ्यावी. ब्रूटस म्हणतो, सत्यप्रतिज्ञ माणसांना शपथ कशाला? कोणी म्हणतो सिसेरोला घ्यावें. ब्रूटसला तें पसंत नाहीं, आणि त्याला पसंत नाहीं म्हटल्याबरोबर इतरांनाही तें नापसंत होतें. कॅशिअस म्हणतो सीझरबरोबर अँटनीलाही मारावें. ब्रूटस म्हणतो, आपण यज्ञांत बळी देणारे होऊं, खाटीक होऊं नये. सीझरच्या देहाला न दुखवितां त्याच्या तेजाचा तेवढा वध करतां आला असता तर किती बरें, असेंही तो म्हणतो. पुढें नेमकें उलटें घडतें. देह २३ घावांनीं पडतो, आणि तें तेज पिशाच्च होऊन फिलिपायच्या रणांगणापर्यंत त्याचा पाठलाग करतें.

या निर्णयांवर टीकाकारांचें ठराविक भाष्य असें कीं, ब्रूटस राजकारणाला फार चांगला होता. साधु पुरुषानें कारस्थानांत पडूं नये. आमचें याशीं जुळत नाहीं. हे निर्णय साधुत्वाचे आहेत असें मानलें, तरी ते कोणासाठीं घेतलेले आहेत हें पाहावें. अँटनीला जिवंत ठेवण्यांत अँटनीविषयींची दया नाहीं. सीझर गेल्यावर तो हातपाय तुटल्यासारखा निरुपद्रवी होईल, असा हिशेब आहे. लोकांनीं आपणांला खुनी म्हणूं नये, शुद्धि करणारे म्हणावें, हें तर तो स्पष्टच बोलून दाखवितो. रोमचें पुढें काय करावयाचें, राज्य कोणीं चालवावयाचें, सीझरचें सैन्य कोणाच्या हुकमतींत राहावयाचें, या प्रश्नांचा उच्चारही त्या रात्रीं कोणी करीत नाहीं. ब्रूटस जपतो आहे तें आपल्या कृत्याचें चित्र. वध करावयाचा, पण तो वधासारखा दिसतां कामा नये! पोर्शिया गुडघे टेकून विचारते, आपल्या मांडीवर स्वतः केलेली जखम दाखविते, तेव्हां त्याचें मन हेलावतें. पण तिला सांगावयाचें तेंही तो नंतरवर टाकतो, कारण दार पुनः वाजलें आहे.

दुसऱ्या दिवशीं आणखी एक पत्र नाटकांत येतें. आर्टेमिडोरस नांवाचा एक विद्वान सर्व कटवाल्यांचीं नांवें लिहून सीझरच्या वाटेवर उभा राहतो. हें पत्र पूर्ण आहे. त्यांत कोरी जागा नाहीं, आणि लिहिणारा आपल्या पायांनीं समोर आला आहे. सीझर तें वाचीत नाहीं. प्लुटार्क म्हणतो, लोकांच्या गर्दीमुळें त्याला वाचावयास सवड झाली नाहीं. शेक्सपिअरच्या सीझरला सवड आहे. पण स्वतःच्या हिताची गोष्ट सर्वांत शेवटीं पाहावयाची, असा मोठेपणा तो चारचौघांत मिरवितो आणि कागद बाजूला सारतो. ब्रूटस आणि सीझर यांच्यांतील साम्य येथें ध्यानांत येतें. एकानें खोटें पत्र वाचलें, दुसऱ्यानें खरें वाचलें नाहीं. आणि दोघांच्याही आड आली ती त्यांची स्वतःविषयींची उदात्त कल्पना.

वधानंतर ब्रूटस सोबत्यांना एक विलक्षण गोष्ट करावयास सांगतो. वांकून सीझरच्या रक्तांत कोपरांपर्यंत हात बुडवावे, तरवारी माखाव्या, आणि तशा स्थितींत स्वातंत्र्याचा जयघोष करीत बाजारांत जावें. काल रात्रीं खाटीक न होण्याची ज्याला काळजी होती, तोच हें सांगत आहे, आणि त्यांतील विसंगति त्याला दिसत नाहीं. कारण त्याच्या डोळ्यांपुढें हा अजून यज्ञच आहे. सभेंत तो बोलतो तेंही आधीं गद्यांत, तोलून मापून, कोटिक्रमानें. लोक खूष होतात. इतके खूष होतात कीं, याच ब्रूटसला सीझर करा, असें गर्दींतून कोणी ओरडतो! ज्या एका गोष्टीसाठीं मित्राचा प्राण घेतला, ती कोणाला कळलीच नाहीं, हें त्या एका आरोळीनें सिद्ध झालें. ब्रूटस ती ऐकतो कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. तो अँटनीला व्यासपीठ देऊन घरीं निघून जातो.

अँटनीच्या भाषणाविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों. त्याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. ब्रूटसच्या सचोटीची जी किमया कटवाल्यांनीं जमेस धरली होती, तिच्यावरच तो घाव घालतो. तोच गौरवाचा शब्द इतक्या वेळां उच्चारतो कीं शेवटीं ती शिवी होते. मग मृत्युपत्र बाहेर निघतें: प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, आणि टायबर नदीच्या कांठच्या बागा सर्वांना खुल्या. पुढचा परिणाम प्रसिद्ध आहे. सिन्ना नांवाचा एक निरपराध कवि केवळ नामसाम्यावरून लोकांच्या हातीं सांपडतो. आपण कटवाला सिन्ना नव्हे असें तो सांगतो, तेव्हां वाईट कविता लिहितो म्हणून याला फाडा, असा पुकारा होतो. परंतु आमच्या मतें याहूनही भयंकर प्रवेश चौथ्या अंकाच्या आरंभींचा, चारपांच मिनिटांचा आहे. अँटनी, ऑक्टेव्हिअस आणि लेपिडस एका मेजाभोंवतीं बसून मारावयाच्या माणसांच्या यादीवर खुणा करीत आहेत. लेपिडसचा भाऊ जातो, त्याच्या मोबदल्यांत अँटनीचा भाचा जातो. आणि मग अँटनी शांतपणें सांगतो, तें सीझरचें मृत्युपत्र आणा, त्यांतल्या देणग्या कशा छाटतां येतील तें पाहूं. तेंच मृत्युपत्र! लोकसत्तेसाठीं केलेल्या वधाचें फळ म्हणून रोमला सीझरच्या जागीं हे तिघे मिळाले.

या नाटकानें लोकांना काय शिकविलें, हा प्रश्न विचारण्याचें धाडस होत नाहीं. १६०१ च्या फेब्रुवारींत एसेक्सच्या अर्लच्या पक्षपात्यांनीं शेक्सपिअरच्याच मंडळीला ४० शिलिंग अधिक देऊन ‘दुसरा रिचर्ड’ हें राजाच्या पदच्युतीचें नाटक करावयास लाविलें आणि दुसऱ्या दिवशीं बंड केलें. तें कांहीं तासांतच फसलें. अमेरिकेंतली गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथें बूथ नांवाचें नटांचें एक घराणें होतें. बापाचें नांवच ज्यूनिअस ब्रूटस बूथ. त्याच्या तीन मुलांनीं १८६४ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें ‘ज्यूलिअस सीझर’चा एकच प्रयोग एकत्र केला. शेक्सपिअरच्या पुतळ्यासाठीं निधि जमविण्याचा तो प्रयोग होता. एडविन ब्रूटस झाला, थोरला ज्यूनिअस कॅशिअस झाला, आणि जॉन विल्क्स अँटनी झाला. पांच महिने झाले नाहींत तोंच, १८६५ च्या एप्रिलांत, या जॉन विल्क्सनें वॉशिंग्टनच्या नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली. ज्या कृत्यासाठीं ब्रूटसचा गौरव झाला, तेंच केलें असतां लोक आपल्याला कुत्र्यासारखे हुसकावीत आहेत, अशी तक्रार पळत असतां त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. रंगभूमीवर हा मनुष्य अँटनी झाला होता. जीवनांत त्यानें भूमिका बदलून घेतली. नाटकांतील चौथा व पांचवा अंक त्याला तोंडपाठ असूनही त्याच्या उपयोगीं पडले नाहींत. उलट टोंकाला इटलीचा कवि दान्ते; त्यानें नरकाच्या तळाशीं सैतानाच्या तीन तोंडांत तिघे विश्वासघातकी चघळावयास दिले आहेत, त्यांत यहूदाच्या जोडीला ब्रूटस व कॅशिअस आहेत. एकाला ब्रूटस देव वाटला, दुसऱ्याला नरकाचा धनी. शेक्सपिअर या दोघांच्याही वाटेनें गेला नाहीं.

तो आपल्याला सार्डिस येथील तंबूंत नेतो. ब्रूटस व कॅशिअस यांचें भांडण चाललें आहे. कॅशिअसनें लांच घेणाऱ्या एका माणसाची रदबदली केली, त्याचा स्वतःचा हातही खाजरा आहे, असा ब्रूटसचा आरोप आहे. मार्चच्या त्या दिवसाची तो आठवण देतो. न्यायासाठीं एवढ्या मोठ्या माणसाचें रक्त सांडलें, तें काय असल्या बाजारासाठीं, असें विचारतो. बोलणें इतकें उज्ज्वल कीं वाचणारा भारावून जातो. आणि लगेच, दहापांच वाक्यांनंतर, त्याची दुसरी तक्रार येते: सैन्याच्या पगारासाठीं मीं तुझ्याकडे पैसे मागितले, ते तूं दिले नाहींस, शेतकऱ्यांच्या घट्टे पडलेल्या हातांतून पैसा पिळून काढणें मला स्वतःला जमत नाहीं. कॅशिअसचा पैसा येतो कोठून, हें त्याला ठाऊक नाहीं काय? आतांच तर त्यावरून भांडण झालें! पैसा हवा, पण तो पिळणारा हात दुसऱ्याचा असावा. येथें ब्रूटस आमच्या त्या गुरुजींच्या फार जवळ येतो. कॅशिअस मत्सरी, लोभी, कावेबाज, हें सर्व खरें. परंतु आपला हात मळला आहे हें त्याला ठाऊक आहे, आणि म्हणून ब्रूटसपुढें तो छाती उघडी करून खंजीर देऊं शकतो. ब्रूटसला तेवढें मोकळें होतां येत नाहीं. फिलिपायला तो मरतो तोही असें म्हणत कीं, जन्मभर आपल्याला एकही मनुष्य बेइमान भेटला नाहीं. कॅशिअसचीं पत्रें खोटीं होतीं, हें त्याला शेवटपर्यंत कळलें नाहीं. नाटकांत तें त्याला कोणी सांगतच नाहीं.

असें असूनही या माणसाचा तिरस्कार करवत नाहीं, आणि तसा तो होऊं नये याची तजवीज नाटककारानें त्याच तंबूंत केली आहे. भांडण मिटलें आहे. पोर्शिया मेल्याची बातमी त्यानें दोन शब्दांत सांगून टाकली आहे. सर्व सरदार निजावयास गेले. उरले ब्रूटस आणि तोच पोऱ्या लूशिअस, तितकाच झोपाळू. ब्रूटसच्या झग्याच्या खिशांत एक पुस्तक सांपडतें. हेंच पुस्तक आपण तुझ्यापाशीं दिलें असें समजून तो मघांपासून शोधीत होता. आणि तो पोरगा पुनः तसेंच सांगतो, जसें त्यानें बागेंतल्या त्या रात्रीं सांगितलें होतें: आपण तें मला दिलें नव्हतें, अशी माझी खात्री होती. या वेळीं मात्र ब्रूटस त्याचें म्हणणें ऐकून घेतो. तो त्या पोराची क्षमा मागतो. मी हल्लीं फार विसरतों, सांभाळून घे, असें म्हणतो. मग थोडें वाजवशील काय, म्हणून विचारतो. लूशिअस वाजवूं लागतो आणि वाजवतां वाजवतांच पेंगतो. त्याची मान कलेल आणि वाद्य फुटेल, म्हणून रोमचा तो सेनापति उठून तें त्याच्या हातांतून अलगद काढून घेतो, आणि दिव्यापाशीं येऊन, दुमडून ठेवलेलें पान शोधूं लागतो.